पिंग्यावरून भांडलो, पत्र वाचायचं राहिलं

जानेवारी 2025 मध्ये 'छावा'चा ट्रेलर आला आणि त्यात संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले. पुढचे काही दिवस महाराष्ट्रात दुसरा विषय नव्हता. छत्रपती नाचले असते का, नाचले तर असे नाचले असते का, दाखवावं का, दाखवलं तर बिघडलं कुठे? शेवटी तो प्रसंग कापला गेला आणि वाद मिटला. तो मिटताना मला 2015 चा डिसेंबर आठवत होता. 18 डिसेंबरला संजय लीला भन्साळींचा 'बाजीराव मस्तानी' प्रदर्शित झाला, त्याच्या आधी महिनाभर आपण 'पिंगा' या गाण्यावरून असेच भांडलो होतो. निदर्शनं झाली, पुण्यात पहिल्या दिवशीचे काही खेळ रद्द करावे लागले. एक बाजू म्हणत होती की पेशव्यांच्या घरातल्या बायका अशा नाचत नव्हत्या, हा इतिहासाचा अपमान आहे. दुसरी म्हणत होती की हा माहितीपट नाही, चित्रपट आहे, कलावंताला स्वातंत्र्य हवं. दहा वर्षांनी वाक्यंसुद्धा बदलली नाहीत, फक्त पिंग्याच्या जागी लेझीम आलं.

मला ही दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात, आणि 'बाजीराव मस्तानी'च्या बाबतीत तर त्यांनी आपलं नुकसान केलं. त्या चित्रपटाने माझी घोर निराशा केली. त्याने इतिहास बदलला म्हणून नव्हे. प्रेमकथा म्हणून तो दुबळा आहे म्हणून. आणि तो दुबळा का राहिला, तर या प्रेमाला ज्यांनी विरोध केला त्या माणसांकडे त्याने नीट पाहिलंच नाही. प्रेमकथेचा जीव तिच्या अडचणीत असतो. इथे अडचण अशी होती की तीत एक मराठी घर, एक राज्य आणि एक धर्मव्यवस्था एकाच वेळी गुंतली होती, आणि त्याचे कागद आपल्याकडे आहेत. दिग्दर्शकाने ती अडचण बाजूला ठेवून झुंबरं लावली. आपण मात्र साडी नेसण्याच्या पद्धतीवर वाद घालत बसलो.

स्वातंत्र्यवाद्यांचा सगळ्यात जोरकस मुद्दा आधी मान्य करते. इतिहासाशी इमान राखलं म्हणजे कलाकृती चांगली होते असं अजिबात नाही. 1960 चा 'मुघल-ए-आझम' घ्या. अनारकली नावाची बाई होऊन गेली याचाच भरवशाचा पुरावा नाही. म्हणजे आपल्याकडची सगळ्यात गाजलेली ऐतिहासिक प्रेमकथा बहुधा पूर्णपणे काल्पनिक आहे. तरी तो चित्रपट आज पाहतानाही अंगावर काटा येतो, कारण त्यातला बाप खरा आहे. अकबराला मुलगा हवा आहे आणि राज्यही हवं आहे, न्यायाची प्रतिष्ठा राखायची आहे, आणि या तिन्ही गोष्टी एकत्र राहू शकत नाहीत हे त्याला कळतं. त्याची बाजू आपल्याला समजते, म्हणूनच सलीमची बंडखोरी मोठी वाटते. तेव्हा खोटं दाखवलं हा मुळात गुन्हाच नाही. पण स्वातंत्र्य घेतलं तर त्या बदल्यात काय दिलं, हे विचारायचा हक्क प्रेक्षकाला आहे की नाही? के. आसिफ यांनी शीशमहाल उभा केला तो सम्राटाची कोंडी करण्यासाठी. भर दरबारात ती मुलगी नाचते, वर नजर टाकावी तर छतातल्या प्रत्येक आरशात तीच, आणि हिंदुस्थानच्या बादशहाला तिच्यापासून तोंड फिरवायला जागा उरत नाही. तिथे आरसे कथा सांगतात. भन्साळींच्या आईनामहालात आरसे आहेत, शेकडो आहेत, पण ते कोणाची कोंडी करत नाहीत. ते सुंदर दिसतात आणि गाणं संपलं की विसरले जातात.

पुण्यात बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. कोथरूडला मस्तानीसाठी बांधलेल्या वाड्याचे अवशेष काकासाहेब केळकरांनी आणून तिथे पुन्हा उभे केले. त्याला मस्तानी महाल म्हणतात. चित्रपट पाहिल्यानंतर काही दिवसांनी मी तिथे गेले. लाकडी खांब, त्यांच्यावरचं कोरीवकाम, खाली बैठक, वर हंड्या. दालन देखणं आहे, पण माणसाच्या मापाचं आहे. आवाज चढवला तर शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढंच. मी बराच वेळ उभी होते आणि मनात एकच गोष्ट येत होती: अशा घरात लपवता काहीच येत नसणार. रात्री कोण आलं, कोण गेलं, कोण रडलं, सगळं सगळ्यांना कळत असणार. त्या दडपणात केलेलं प्रेम हे डोंगराएवढ्या महालात केलेल्या प्रेमापेक्षा कितीतरी धाडसाचं आहे. महाल मोठा केल्याने प्रेम मोठं झालं नाही, उलट त्याची धग गेली.

आता दुसऱ्या बाजूकडे येते. पिंग्याला विरोध करणाऱ्यांच्या म्हणण्यातही तथ्य होतं. काशीबाईंना पायाचं दुखणं होतं असं सांगतात; पेशव्यांच्या घरातल्या स्त्रीला त्या काळी पाळावी लागणारी मर्यादाही गाण्यातल्यासारखी नव्हती. वंशजांना वाईट वाटलं तर त्यांना ते बोलून दाखवण्याचा अधिकार आहे, त्यावरून त्यांना हिणवण्याचं कारण नाही. पण 'असं घडलंच नसतं' एवढं म्हणून थांबलं की टीका तिथेच संपते. पिंगा हा मंगळागौरीच्या जागरणातला खेळ. तो पुरुषांसाठी नसतो. ज्यांनी आजीच्या किंवा आईच्या पिढीची मंगळागौर पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की त्या रात्री बायका नुसत्या नाचत नाहीत, त्या बोलून घेतात. सासू, नणंद, सवत यांची नावं न घेता उणीदुणी काढली जातात. 'नाच गं घुमा'मधली बाई तर नाचायचंच नाकारते, आणि नाकारताना आपल्याला काय काय मिळालेलं नाही याची यादीच ऐकवते. दिवसभर जे तोंडातून काढता येत नाही ते त्या रात्री फेर धरून, सगळ्यांदेखत म्हणता येतं. म्हणजे नवऱ्याने दुसरी आणली आहे हे कळलेल्या काशीबाईला मस्तानीशी भिडण्यासाठी याहून चांगली जागा कुठली? आणि चित्रपटाने तिथे काय केलं? दोघींना सारख्या साड्या नेसवून एकमेकींच्या कौतुकाचं गाणं दिलं. भांडण गाण्यात विरघळून गेलं. अपमान झालाच असेल तर तो काशीबाईंच्या रागाचा झाला. त्याविरुद्ध मात्र एकही मोर्चा निघाला नाही.

आपल्याला ही खोड जुनी आहे. 1972 मध्ये 'घाशीराम कोतवाल' आलं तेव्हाही नाना फडणविसांची बदनामी आणि ब्राह्मणांची बदनामी यावरच सगळं रण पेटलं. 1980 मध्ये ते नाटक युरोपात न्यायला निघाले तेव्हा पुन्हा तेच. सत्ता आपल्या सोयीसाठी एक राक्षस उभा करते आणि सोय संपली की त्याचा बळी देते, हा त्या नाटकाचा प्रश्न होता. त्याच्याशी वाद घालायला हवा होता. आपण पगडीवर वाद घातला. नाटक भक्कम होतं म्हणून टिकलं. 'बाजीराव मस्तानी'च्या वाट्याला उलटा फायदा आला: विरोधकांनी इतक्या उथळ जागी बोट ठेवलं की चित्रपट त्या विरोधातूनच मोठा दिसू लागला. निदर्शकांच्या बाजूला उभं राहायचं नव्हतं म्हणून अनेक चांगल्या प्रेक्षकांनी आपली निराशा गिळून टाकली. मीही काही दिवस तेच केलं.

मग गोष्ट काय होती? 1739 चं साल घ्या. मे महिन्यात बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा यांनी वसई घेतली. पोर्तुगिजांविरुद्धची ती मोहीम किती माणसं गमावून जिंकली हे वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी नादिरशहाने दिल्ली लुटली आणि मराठ्यांना उत्तरेकडे डोळे लावून बसावं लागलं. म्हणजे राज्य अत्यंत नाजूक वळणावर होतं, आणि ते पेलणारे दोन भाऊ एकमेकांवर जीव टाकणारे होते. वर्ष संपता संपता याच घरात मस्तानीवरून फूट पडली. बाजीराव पुणं सोडून पाटसला जाऊन राहिले. मस्तानी पहाऱ्यातून निसटून त्यांच्यापाशी गेली, तिला परत आणलं गेलं. 1740 च्या आरंभी घरात दोन कार्यं होती, बाजीरावांचे मुलगे रघुनाथराव यांची मुंज आणि पुतणे सदाशिवराव यांचं लग्न. मस्तानीच्या संगतीतला पेशवा मांडवात असेल तर आम्ही विधी करणार नाही, अशी ब्रह्मवृंदाची भूमिका होती. जरा थांबून विचार करा. निजामाला पालखेडला पाणी तोडून शरण आणणारा माणूस, छत्रसालाच्या हाकेला धावून जाऊन बंगशाला जैतपुरात कोंडणारा माणूस, दिल्लीच्या वेशीपर्यंत घोडी नेणारा माणूस, आणि त्याला स्वतःच्या मुलाच्या मुंजीत उभं राहता येत नाही. त्याच्याशी तलवारीने कोणी लढत नाहीये. पंगतीत बसायला नकार देऊन लढतायत. याला बाजीरावांकडे उत्तर नव्हतं, कारण पेशवाईची सगळी प्रतिष्ठा ज्या व्यवस्थेवर उभी होती तीच त्यांना नाकारत होती.

चित्रपटात भटजी आहेत, मुलाच्या नावावरून वादही आहे, हे मी विसरलेले नाही. पण तिथे विरोध येतो तो नायकाला एक टाळीचं वाक्य म्हणता यावं म्हणून. वाक्य झालं की प्रश्न संपला. राधाबाईंचं काम तन्वी आझमींनी फार ताकदीने केलं, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच. तरी पटकथेने त्यांना काय दिलं? एक कडक, सूड धरणारी सासू. खऱ्या राधाबाई बाळाजी विश्वनाथांबरोबर संसार केलेल्या, कोकणातून उठून आलेल्या कुटुंबाला नव्या मुलखात रुजताना पाहिलेल्या. पेशवेपद नवं होतं. शाहू महाराजांच्या दरबारातल्या प्रतिनिधीसारखे जुने मातब्बर टपून बसले होते. आपला मुलगा धर्माच्या बाहेर गेला असं एकदा ठरलं तर सगळं जाईल ही भीती त्यांना वाटली असेल, तर ती मूर्खपणाची होती का? ती भीती खरी मानली असती तर त्यांचा क्रूरपणा कितीतरी जास्त टोचला असता.

आणि चिमाजी अप्पा. या सगळ्या प्रकरणातला माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा माणूस, आणि चित्रपटाने सगळ्यात वाया घालवलेला. मस्तानीला अटकेत ठेवण्यात अप्पा आणि बाजीरावांचा एकोणीस वर्षांचा मुलगा नानासाहेब दोघेही होते. पण मार्च 1740 मध्ये अप्पांनी नानासाहेबाला लिहिलेलं पत्र इतिहासकार गो. स. सरदेसाईंच्या इतिहासात येतं. निरोप घेतल्यापासून राऊंचं, म्हणजे बाजीरावांचं, पत्र नाही, त्यांचं मन शांत करायचा आपण होता होईल तो प्रयत्न केला, पण ईश्वराच्या मनात काही वेगळंच दिसतं; आता पुण्याला परतल्यावर तिला त्यांच्याकडे पाठवून द्यावं, असा त्याचा आशय आहे. ज्याने दार लावलं तोच दार उघडायला निघाला होता. 28 एप्रिलला नर्मदेच्या काठी रावेरखेडीला बाजीराव गेले. चाळीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. त्याच डिसेंबरात चिमाजी अप्पाही गेले. कोणत्या लेखकाला याहून मोठा शेवट सुचेल? पश्चात्ताप झाला आहे, पत्र लिहिलं आहे, फक्त वेळ निघून गेली आहे. या एका पत्रावर पूर्ण चित्रपट उभा राहिला असता. पडद्यावर मात्र तापात भ्रमिष्ट झालेला नायक एकटा भासातल्या फौजेवर चालून जातो, आणि इकडे साखळदंडातली नायिका त्याच क्षणी प्राण सोडते. योगायोगाने मेलेल्या प्रेमिकांसाठी आपण दोन मिनिटं हळहळतो. माणसांच्या हातून उशीर झाला म्हणून मेलेल्यांसाठी जन्मभर हळहळलो असतो.

लढायांचंही तसंच झालं. पालखेडची मोहीम युद्धशास्त्रात नावाजली जाते ती हुलकावणीसाठी. निजामाला आपल्या मागे पळवत जड तोफखान्यापासून तोडलं, 28 फेब्रुवारी 1728 ला पाणी नसलेल्या जागी गाठलं, आणि फारसं रक्त न सांडता मुंगी-शेवगावचा तह करायला लावला. असा थंड डोक्याचा, दहा पावलं पुढचं पाहणारा माणूस घरच्या एका प्रश्नात पूर्ण हतबल होतो, यात केवढं नाट्य आहे. चित्रपटातला बाजीराव मात्र पहिल्या लढाईपासून आवेशातच असतो. जो सुरुवातीपासून भान हरपलेला आहे, त्याचं भान हरपल्याचं दुःख कसं होणार?

एक मुद्दा असा मांडला जातो की काहीही असो, या चित्रपटाने मस्तानीला देशभर नेलं, तिला आदर दिला. हे खरं आहे आणि ते लहान काम नाही. आपल्याच लेखनात राधाबाई, काशीबाई, गोपिकाबाई सगळ्यांना 'बाई' लागतं, मस्तानी बहुतेक ठिकाणी नुसती मस्तानी असते. मीही इथे तसंच लिहिते आहे, इतकं ते अंगवळणी पडलं आहे. ती छत्रसालाची मुलगी होती की दरबारातली कलावंतीण, यावर अजून एकमत नाही, आणि तिच्याबद्दलचे कागद थोडे आहेत. तिच्या चारित्र्याबद्दल मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या जे कुजबुजलं गेलं त्याची भरपाई कोणीतरी करायला हवी होती. पण आदर म्हणजे काय? चित्रपटात ती घोड्यावर येते, तलवार चालवते, नाचते, सोसते आणि प्रत्येक अपमानाला एका सुंदर वाक्याने उत्तर देते. तिला कधी संताप येतो का? तिला कधी परत बुंदेलखंडात जावंसं वाटतं का? परक्या मुलखात, परक्या भाषेत, मुलाला वाढवताना ती एखाद्या दुपारी नुसती कंटाळलेली, घाबरलेली दिसते का? तिला कुलटा म्हणणाऱ्यांनी तिला माणूस मानलं नाही. मूर्ती करून ठेवणाऱ्यांनीही नाहीच मानलं.

राहता राहिला व्यवसायाचा मुद्दा. एवढा खर्च केला की गाणी लागतात, भव्यता लागते, प्रेक्षकाला घरगुती राजकारण नको असतं, असं म्हणतात. मला हे प्रेक्षकाला कमी लेखणं वाटतं. 'रायगडाला जेव्हा जाग येते' हे 1962 चं नाटक शिवाजी महाराजांच्या घरातल्या बेबनावावर आहे. सोयराबाई आणि संभाजीराजे यांच्यामध्ये चिरडलेला एक बाप एवढाच त्याचा विषय. त्यात घोडी नाहीत, किल्ला जिंकणं नाही. तरी महाराष्ट्राने ते पिढ्यान् पिढ्या पाहिलं, आणि महाराजांना असं हतबल दाखवलं तरी त्यांची उंची कमी झाली असं कोणाला वाटलं नाही. 'स्वामी'तले माधवराव आणि रमाबाई लाखो घरांत पोचले ते थेऊरच्या आजारपणातून. 'बाजीराव मस्तानी' ज्या कादंबरीवर आधारलेला आहे ती ना. सं. इनामदारांची 'राऊ' वाचून आम्ही थिएटरात गेलो होतो, म्हणून तर अपेक्षा होती. मराठी वाचकाला थोर माणसाचं घर आतून पाहायची सवय आहे, ओढ आहे. ती ओढ भन्साळींना कळली असती तर त्यांच्या नजरेचा आणि त्यांच्या देखणेपणाचा केवढा उपयोग झाला असता.

चित्रपट पाहिला त्या दिवशी आई माझ्याबरोबर होती. पिंग्याच्या वेळी ती काही बोलली नाही, युद्धाच्या वेळी नाही, शेवटी डोळे पुसत होती. बाहेर येऊन पार्किंगमध्ये रिक्षाची वाट पाहताना तिने एवढंच विचारलं, "अगं, पण त्या पोराचं काय झालं?"

मी तिला सांगितलं. समशेर बहाद्दर तेव्हा सहा वर्षांचा होता. बाप नर्मदेकाठी गेला, पाठोपाठ आईही पाबळला वारली. रावेरखेडीला बाजीरावांच्या शेवटच्या दिवसांत काशीबाई तिथे होत्या. तिथून त्या पुण्याला परतल्या, आणि सवतीचा तो मुलगा त्यांनी आपल्या मुलांबरोबर वाढवला असं सांगतात. एकवीस वर्षांनी तो पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या फौजेत लढला, ज्यांच्या लग्नाच्या वेळी त्याच्या आईला डांबलेलं होतं त्यांच्याच फौजेत. जखमी झाला, जाटांच्या मुलखात मेला. शनिवारवाड्याच्या ज्या दाराला आपण मस्तानी दरवाजा म्हणतो, त्याला पुढे त्याच्या मुलाच्या नावावरून अलीबहाद्दर दरवाजाही म्हणत.

आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काशीबाई त्याला पहिल्यांदा जेवायला वाढताना काय म्हणाल्या असतील गं?"

रिक्षा आली, पण ती चढली नाही. उत्तराची वाट पाहत होती.